मुंबई ८४ किलोमीटर दूर, तरी विमान खाली का आलं? जुन्नरच्या अपघाताची गोष्ट

७ जुलै १९६२. मध्यरात्र नुकतीच उलटली होती. सिडनीहून रोमला निघालेलं अलितालियाचं डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतं. उतरण्यासाठी उंची कमी करत असतानाच ते पुणे जिल्ह्यात जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळलं. विमानातले सर्व ९४ जण ठार झाले. मुंबई तिथून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती.

नेमकं काय चुकलं?
तपासात समोर आलं की वैमानिकांचा अंतराचा हिशोब चुकला होता. मुंबई जवळ आली असं समजून त्यांनी विमान वेळेआधीच खाली आणलं. पावसाळ्यातल्या त्या रात्री सगळी भिस्त उपकरणांवर होती.

अंतर चुकलं की उंची कशी चुकते?
प्रवासी विमान साधारण साडेपाच किलोमीटर पुढे जाताना हजार फूट खाली येतं. म्हणजे अंतराचा अंदाज ३० किलोमीटरने चुकला, तर विमान हवं त्यापेक्षा जवळपास साडेपाच हजार फूट खाली असतं. समुद्रावर एवढी चूक कदाचित निभावेल, सह्याद्रीवर नाही.

आज काय बदललंय?
आता जीपीएसमुळे विमान नेमकं कुठे आहे ते कळतं. शिवाय कॉकपिटमधल्या यंत्रणेत जगभरातल्या डोंगरांचा नकाशा असतो. धोका दिसताच ती ओरडते, ‘टेरेन, टेरेन! पुल अप!’ अशा वेळी आधी विमान वर घ्यायचं, कारण नंतर शोधायचं, हेच वैमानिकांना शिकवलं जातं.

त्या रात्री जुन्नरवर असा इशारा देणारं काहीच नव्हतं.