हाक न पोहोचणारी जागा

मुंबईहून उरणला आलेला पाहुणा पीरवाडीच्या किनाऱ्यावर उभा राहिला की हमखास म्हणतो, ‘काय जागा आहे! इथं बसून माणूस कादंबरी लिहील.’ आम्ही उरणकर मान डोलावतो. पण पीरवाडीला बसून कोणी कादंबरी लिहिल्याचं अजून तरी माझ्या कानावर आलेलं नाही. किनाऱ्यावर माणूस वारा खातो, भेळ खातो, मावळत्या सूर्याचे फोटो काढतो आणि घरी जातो. उरणात जे लिहितात ते भलतीकडेच लिहितात. कोणी मोऱ्याच्या लाँचमध्ये, कोणी कंटेनर यार्डाच्या गेटवरच्या केबिनमध्ये, नाईट शिफ्टच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात, आणि अलीकडे कोणी उरण-नेरूळ लोकलमध्ये.

लेखकाला शांतता लागते, झाडं लागतात, समोर पाणी असेल तर उत्तमच, ही समजूत फार घट्ट आहे. मुलाखतीसोबत छापायला लेखकाचा फोटो काढायचा तर फोटोग्राफर त्याला खिडकीजवळच बसवतो. करंजाहून तरीनं पलीकडे रेवसला गेलात तर अलिबागच्या बाजूला समुद्र दिसणारी कितीतरी फार्महाऊस आहेत आणि त्यांतल्या काहींत लिहिण्यासाठी म्हणून खास टेबलंही असतील. वाईट काहीच नाही त्यात. फक्त समुद्र बघणं हेच पूर्ण वेळाचं काम आहे. ते करताना दुसरं काही होत नाही.

मराठीतली काही गाजलेली पुस्तकं कुठं लिहिली गेली ते बघावं. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’चा मसुदा मंडालेच्या तुरुंगात लिहिला, १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या चार-पाच महिन्यांत. शिसपेन्सिलीनं. सुटे कागद मिळत नव्हते. पानं मोजून बांधलेल्या वह्या मिळत, म्हणजे एक पान फाडलं तरी हिशोब द्यावा लागणार. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये लिहिलं, ९ तारखेला सुरू करून १३ ला संपवलं. त्याच्या आदल्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. अठरा अध्यायांची ‘गीता प्रवचने’ तिथली. हे विनोबा आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. गागोद्याला डोंगर आहे, झाडं आहेत, लेखकाला हवं म्हणतात ते सगळं आहे. पुस्तक झालं ते धुळ्याच्या भिंतींच्या आत.

तुरुंग चांगली जागा आहे असं कोण म्हणेल? उन्हाळा, आजार, घरच्यांची काळजी, वर कामाची सक्ती. पण तुरुंगात एक गोष्ट आपोआप घडते. केसरीची डाक, सभेची आमंत्रणं, दारात आलेले कार्यकर्ते, सगळं एका दिवसात थांबतं. टिळक बाहेर असते तर ‘गीतारहस्य’ झालं असतं का, हा प्रश्न त्यांच्या चरित्रकारांना पडतो तो याचमुळे. गीतेवरचा विचार त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं होताच. तो सलग मांडायला लागणारा वेळ मात्र त्यांना सरकारनंच दिला, शिक्षा म्हणून.

माझं म्हणणं एवढंच आहे. लिहिणाऱ्याला देखावा लागत नाही, आणि शांतताही फारशी लागत नाही. त्याला काही काळ अशी जागा लागते जिथं त्याच्या नावानं मारलेली हाक पोहोचत नाही.

हे मला कळलं ते मोऱ्याच्या लाँचमुळे. भाऊचा धक्का ते मोरा हा पाऊण-एक तासाचा प्रवास उरणच्या कित्येक पिढ्यांनी केला आहे. खालच्या मजल्यावर इंजिनाची धडधड पायांतून वर चढते, डिझेलचा वास असतो, रिकाम्या टोपल्या एकात एक रचून मासळीवाल्या मावश्या मागच्या बाजूला बसलेल्या असतात. वर वारा असतो पण कागद उडतात, म्हणून लिहिणारे खालीच, इंजिनापासून जरा पुढं, कडेचं बाकडं धरतात. कडेला बसण्यात फायदा हा की एकाच बाजूला शेजारी असतो. अक्षर सरळ येत नाही. बोट मुंबई बंदरात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजाच्या मागून गेली की लाट आडवी येते आणि वेलांटी ओळ सोडून खाली घसरते. मोबाईलला रेंज असते बरं का, अगदी भरसमुद्रातही. फोन वाजतो, माणूस उचलतो, दोनदा ‘हॅलो हॅलो’ करतो, ‘उतरल्यावर करतो’ असं ओरडतो आणि ठेवून देतो. इंजिन पलीकडचं काही ऐकूच देत नाही.

एकदा शेजारच्या मावशींनी माझ्या वहीतली खाडाखोड बराच वेळ बघून विचारलं, ‘काय मास्तर, हिशोब लागत नाय वाटतं?’ नाही लागत, म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि टोपलीवर डोकं टेकवून झोपून गेल्या. संपादकीय शेरा म्हणून मला तो अजून पटतो.

इतक्या आवाजात सुचतं कसं, याचं थोडं उत्तर मानसशास्त्रात आहे. रवी मेहता, रुई झू आणि अमर चीमा या तिघांनी २०१२ मध्ये एक संशोधन प्रसिद्ध केलं. कल्पकता लागेल अशी कामं लोकांना वेगवेगळ्या आवाजात करायला दिली. ५० डेसिबलच्या, म्हणजे बऱ्यापैकी शांत वातावरणापेक्षा ७० डेसिबलच्या मध्यम गलबल्यात लोकांना अधिक सुचलं. ८५ ला मात्र गाडी पुन्हा घसरली. माफक गडबडीत मन एकाच गोष्टीला घट्ट चिकटून बसत नाही, जरा सैल होतं आणि लांबचे धागे हाताला लागतात, असं त्यांचं स्पष्टीकरण. लाँचचं इंजिन ७० वर थांबत नसणार, त्यामुळे हा आकडा आमच्या बोटीला जसाच्या तसा लावता येणार नाही. त्याहून उपयोगी गोष्ट १९७० च्या दशकापासून प्रयोगांतून दिसत आली आहे. नुसता एकसुरी आवाज स्मरणाच्या कामात फारसा आड येत नाही. कानावर पडणारं बोलणं येतं, आपल्याशी त्याचा संबंध नसला तरीही. वाचताना किंवा लिहिताना मनातल्या मनात जे शब्द धरून ठेवायचे असतात त्यांच्यातच बाहेरचे शब्द घुसतात. म्हणजे शेजारच्या खोलीत हळू आवाजात चाललेली सासू-सुनेची बातचीत लिहिणाऱ्याला जितकी छळते तितकं डिझेलचं इंजिन छळत नाही. इंजिन उलट त्या बोलण्यावर पांघरूण घालतं.

अरुण कोलटकर काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये वर्षानुवर्षं खिडकीशेजारच्या टेबलावर बसत. समोर गाड्यांच्या पार्किंगचा तिकोनी तुकडा, त्यावरची कुत्री, फेरीवाले, झाडूवाल्या. त्या टेबलावरून जे दिसलं ते २००४ साली त्यांच्या ‘काळा घोडा’ कवितांत इंग्रजीत आलं. हॉटेल म्हणजे भांड्यांचा आवाज, वेटरच्या ऑर्डरी, माणसांची ये-जा. पण कोलटकरांच्या प्रभादेवीच्या एका खोलीच्या घरात फोन नव्हता आणि हॉटेलात त्यांना ‘जरा इकडे या’ म्हणणारं कोणी नव्हतं. घाटकोपरला चिरागनगरच्या झोपडपट्टीत अण्णा भाऊ साठे लिहीत होते तिथं शांतता हा शब्द उच्चारायचीही सोय नसावी. गदिमांना तर ऐसपैस घर होतं पुण्यात, तरी ते लिहायला माडगुळ्याच्या शेतातल्या पत्र्याच्या खोपटात जाऊन बसत. ‘बामणाचा पत्रा’ म्हणून ती जागा आजही लोक दाखवतात. पुण्यातल्या बंगल्यात नसलेलं असं त्या पत्र्याखाली काय होतं? दारावरची घंटा नव्हती.

आता इथवर लिहिणाऱ्यांची म्हणून सगळी पुरुषांची नावं आली, आणि ते योगायोगानं नाही. हाकेपासून लांब जायला पुरुषाला लाँच, हॉटेल, शेत, गेला बाजार तुरुंग तरी होता. व्हर्जिनिया वुल्फनं १९२९ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात बाईला लिहायचं तर स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत असा रोकडा हिशोब मांडला, आणि त्या खोलीच्या दाराला कुलूप हवं हेही सांगितलं. कुलूप महत्त्वाचं. खोली असूनही दर दहा मिनिटांनी ‘आई, माझा डबा?’ येत असेल तर ती खोली नुसती आणखी एक झाडायची जागा. गौरी देशपांडे फलटणजवळच्या विंचुर्णीला जाऊन राहिल्या, पण हे किती जणींना जमेल?

जमलं नाही त्यांनी कामातच जागा काढली. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, चुलीपुढं त्या रचत गेल्या, मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या मुलानं त्यातलं थोडं उतरवून ठेवलं, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तक आलं. जातं फिरत असताना बाईला सहसा कोणी उठवत नाही, दळण सगळ्यांनाच हवं असतं. शिवाय घरघर आहेच, बाकीचं बोलणं बुडवायला. आमच्या आगरी लग्नांत धवलारीण असते. लग्नाचे विधी तिच्या गाण्यांवर चालतात आणि ती सगळी गाणी तिच्या डोक्यात असतात, वही नाही. मांडवात हळद चाललेली, पोरं पळतायत, पाहुणे मानपानावरून रुसलेले, आणि ती एका लयीत पुढं जात असते. तेराव्या शतकात महदंबेनं धवळे रचले तेही गोविंदप्रभूंच्या लग्नाच्या हौसेतून, ऐन गडबडीत. मराठीची आद्य कवयित्री मानतात तिला. टेबल-खुर्चीचा प्रश्न तिच्यापुढं आला नसावा.

उरणच्या नोकरदारांचं पाहू. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि त्याच्या आसपास गोदामं, कंटेनर यार्ड, ट्रेलरच्या रांगा उभ्या राहिल्या. त्याआधी ओएनजीसी आलेलीच होती. ज्या घरांत भातशेती आणि मिठागरं होती तिथली मुलं पाळीच्या नोकरीवर लागली. जमिनी कशा गेल्या आणि १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला गोळीबारात माणसं कशी गेली हे सांगायला वेगळा लेख लागेल. इथल्या कवितेत ते सारखं येतं हे मात्र खरं. पाळीच्या नोकरीत रात्री दोन ते चार हा एक चमत्कारिक पट्टा असतो. नोंदी झालेल्या असतात, पुढची गाडी यायची असते, झोपायची परवानगी नसते. साहेब घरी, बायको-मुलं झोपलेली, फोन करणारं जगात कोणी जागं नाही. रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहिलेल्या कविता मी पाहिल्या आहेत, समोरच्या पानावर ट्रेलरचे नंबर. पहाटेच्या त्या कवितेत ‘रात्र’ फार येते एवढी माझी तक्रार.

इथवर मी एकट्या माणसाबद्दल बोललो. लिहून झाल्यावर मात्र हाक मारणारे लागतात. विमला तलावाकाठच्या ‘मधुबन कट्ट्या’वर कोकण मराठी साहित्य परिषदेची उरणची मंडळी कवितावाचनाला जमतात. तलावाभोवती चालायला आलेली माणसं, खेळणारी मुलं, कडेला वाहनांचे हॉर्न, आणि मध्ये कवी उभा. इथं कविता लिहून होणार नाही. तपासून मात्र चांगली होते. ओळ लांबली की पहिल्या रांगेतले काका घड्याळ बघतात. आगरी बोलीतला एखादा शब्द नेमका बसला तर फेरी मारणारा माणूसही थांबतो. लिहिण्याची जागा आणि वाचून दाखवण्याची जागा या दोन वेगळ्या गरजा आहेत. साहित्य संमेलनात जाऊन कादंबरी सुचेल अशी आशा धरणारे त्यांची गल्लत करतात, आणि कोणालाही काही न दाखवता एकट्यानं दहा वर्षं लिहीत बसणारेही तीच गल्लत उलटीकडून करतात.

१२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी लोकल उरणपर्यंत आली. सोय झाली, यात शंका नाही. लोकलमध्ये लिहिता येतं का? अँथनी ट्रोलोप नावाचा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्याच्या कामासाठी सतत रेल्वेनं फिरायचा. त्यानं मांडीवर ठेवायची पाटी करून घेतली आणि कादंबऱ्यांचा पुष्कळ भाग डब्यात पेन्सिलीनं लिहिला. त्याच्या खिशात मोबाईल नव्हता. आमच्या उरण लोकलमध्ये सकाळी बसायला जागा मिळते, गाडी खाडी आणि पाणथळीतून जाते, हिवाळ्यात नशीब असेल तर लांबवर रोहित पक्षीही दिसतात. पण डबा शांत आहे, त्यामुळे फोन स्पष्ट ऐकू येतो, आणि स्पष्ट ऐकू येतो म्हणून लोक करतात. पुलावरून गाडीनं जाणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. २१.८ किलोमीटर संपायच्या आत मुंबई येते.

लाँचची गर्दी आता बरीच ओसरली आहे. मोऱ्याला गाळ साचतो, त्यामुळे मोठ्या सुकतीला बोट धक्क्याला लागत नाही आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास प्रवासी तासन्‌तास अडकतात. याबद्दल वर्तमानपत्रांत नेमानं तक्रारी येतात आणि त्या रास्तच आहेत; ज्याला मुंबईत कामावर पोहोचायचं आहे त्यानं पाणी चढायची वाट का बघावी? मोऱ्याच्या रो-रो जेट्टीचं काम गेली काही वर्षं चाललं आहे. ती झाली की प्रवास वेगवान होईल, गाड्याही बोटीवर चढतील, आणि नव्या बोटीच्या बंद काचेच्या केबिनमध्ये फोनवर आरामात बोलता येईल. कडेचं बाकडं धरून बसणाऱ्या दोन-चार जणांना ही बातमी तितकीशी गोड लागत नाही. पण इंजिनाचा आवाज आहे तेवढाच ठेवा, असा अर्ज मेरीटाइम बोर्डाकडे कोणत्या तोंडानं करायचा?