मंगळावर ईद कधी?

विज्ञानकथा लिहिणाऱ्याला यान उडवणे सोपे जाते, पंचांग जुळवणे अवघड. माणसे मंगळावर पोहोचली, वस्ती झाली, घुमटाखाली भाजी पिकू लागली, इथवर कथा सरळ चालते. मग वस्तीतले एखादे पोर विचारते, ‘उद्या ईद आहे का?’ आणि लेखकाची लेखणी अडते. कुणाचा चंद्र बघायचा? कोणत्या सूर्यावर रोजा सोडायचा? आणि सुटी जाहीर कोण करणार?

मराठीला विज्ञानकथा नवी नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. खरे लेखक डॉ. जयंत नारळीकर. कुर्ल्याला लागून असलेल्या चुनाभट्टीत आज याच परिषदेचे विज्ञान भवन उभे आहे. तरीही कथेतल्या परग्रहांवर सणवार सहसा दिसत नाहीत. दिसले तर साऱ्या आकाशगंगेला एकच तारीख लागू असते. ‘स्टार ट्रेक’मधल्या कप्तानाची ‘स्टारडेट’ सगळीकडे चालते. खऱ्या माणसांचे असे कधी झालेले नाही, आणि मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

आधी मंगळाचाच हिशेब मांडू. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटे ३५ सेकंदांचा. आपल्यापेक्षा ३९ मिनिटांनी मोठा. २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘अपॉर्च्युनिटी’ या गाड्या मंगळावर उतरल्या तेव्हा नासाचे अभियंते मंगळाच्या वेळेने कामावर येत होते. रोज सुमारे चाळीस मिनिटे उशिरा. आज सकाळची पाळी, तर अडीच आठवड्यांनी तीच पाळी रात्री. काहींनी त्यासाठी खास संथ चालणारी घड्याळे बनवून घेतली होती.

ही ३९ मिनिटे मुंबईकरांच्या ओळखीची आहेत. भारताचे घड्याळ ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेले आहे आणि मुंबई आहे ७३ अंशांच्या किंचित अलीकडे. म्हणून अंधेरीत सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी १२ वाजून ३९ मिनिटे झालेली असतात. जोहरच्या नमाजची वेळ त्यानंतर सुरू होते. १९०६ मध्ये देशाची एकच वेळ ठरली, पण मुंबईने ती लगेच मानली नाही. ३९ मिनिटे मागे चालणारा ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होता. आज भांडण उरलेले नाही, हिशेब मात्र उरला आहे. मार्चच्या सुमारास नागपूरचा रोजेदार खजूर तोंडात टाकतो, त्यानंतर सुमारे पंचवीस मिनिटे मुंबईचा रोजेदार ताटासमोर थांबलेला असतो. अगदी बोरिवली आणि मुलुंड यांच्या सूर्यास्तातही वीस-पंचवीस सेकंदांचा फरक पडतो. मशिदीतून वाटल्या जाणाऱ्या वेळापत्रकात तो अर्थातच दिसत नाही.

तर मंगळावर रोजा एक वेळ जमेल. सहेरी आणि इफ्तारला सूर्य आहे, तो नेमाने उगवतो आणि मावळतो. खरी अडचण महिन्याची. हिजरी महिना चंद्रकोर दिसल्यावर सुरू होतो आणि मंगळाला चंद्र दोन आहेत. त्यातला फोबोस साडेसात तासांहून थोड्या जास्त वेळात मंगळाला एक फेरी मारतो. मंगळापेक्षा जास्त वेगाने फिरत असल्याने तो पश्चिमेला उगवतो आणि पूर्वेला मावळतो. त्याच्या एका फेरीला महिना मानले तर सहेरीला सुरू झालेला रमजान इफ्तारच्या आधीच संपेल आणि बारा महिन्यांचे वर्ष चार दिवसांतच उरकेल. ईदीच्या आशेवर असलेल्या पोरांना हे पंचांग फार आवडेल, घरच्यांना परवडणार नाही.

फोबोस सोडून पृथ्वीचाच चंद्र धरला तर? हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे, मंगळाचे वर्ष पृथ्वीच्या ६८७ दिवसांचे. म्हणजे मंगळाच्या एका वर्षात ईद जवळजवळ दोनदा येईल. चाँदरातीची खबर पृथ्वीवरून निघाली तर ग्रहांच्या अंतराप्रमाणे तीन ते बावीस मिनिटांनी पोहोचेल. तेवढा उशीर चालण्यासारखा आहे. चंद्र दिसल्याच्या खात्रीसाठी मुंबईत याहून जास्त वेळ ताटकळावे लागते.

हे सगळे कल्पनेतले वाटेल, पण पृथ्वीबाहेरच्या ईदचा प्रश्न प्रत्यक्षात येऊन गेला आहे. सौदी अरेबियाचे राजपुत्र सुलतान बिन सलमान १७ जून १९८५ रोजी ‘डिस्कव्हरी’ यानातून निघाले ते रमजानच्या अखेरच्या दिवसांत. १० ऑक्टोबर २००७ रोजी मलेशियाचे डॉक्टर शेख मुझफ्फर शुकूर बैकानूरहून अंतराळ स्थानकाकडे झेपावले, तेव्हाही रमजानच चालू होता. अंतराळ स्थानक दीड तासात पृथ्वीभोवती फिरते, म्हणजे चोवीस तासांत सोळा सूर्योदय आणि सोळा सूर्यास्त. सूर्यास्ताला रोजा सोडायचा तर दिवसात सोळा इफ्तार होतील आणि नमाज ऐंशी. मलेशियातल्या उलेमांनी शास्त्रज्ञांशी बोलून आधीच एक मार्गदर्शिका काढली होती. तिचे सार असे: नमाज दिवसात पाचच, वेळ उड्डाण झाले त्या ठिकाणाची, काबाची दिशा जमेल तशी, आणि रोजा प्रवासात जमत नसेल तर परतल्यावर भरून काढावा. १३ ऑक्टोबरला ईद झाली. डॉक्टरांनी सोबत नेलेले साते कबाब आणि बिस्किटे स्थानकातल्या सहकाऱ्यांना वाटली. शीरखुर्मा भारहीन अवस्थेत वाटीत राहिला नसता, तेव्हा निवड योग्यच म्हणायची. २०२३ मध्ये अमिरातीचे सुलतान अल नेयादी सहा महिने तिथे राहिले. रमजान आणि दोन्ही ईद त्यांनी वरच काढल्या.

उलेमांना हे उत्तर सापडले ते जुन्याच एका रिवायतीच्या आधारे. प्रेषितांनी साथीदारांना सांगितले होते की शेवटच्या काळात एक दिवस वर्षाएवढा लांब होईल. साथीदारांनी दिवस इतका लांब कसा होईल हे विचारले नाही. त्या दिवशी एका दिवसाची नमाज पुरेल का, एवढेच विचारले. उत्तर आले: नाही, अंदाजाने वेळा ठरवा. चौदाशे वर्षांपूर्वीचा हा संवाद एखाद्या विज्ञानकथेत सहज खपून गेला असता. आकाश नेहमीसारखे वागेनासे झाले तर नेम मोडायचा नाही, माणसांनी बसून हिशेब करायचा, असा त्याचा अर्थ उलेमांनी लावला.

असा हिशेब उपनगरांत रोजचाच आहे. अनेक घरांच्या भिंतीवर जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले ‘कालनिर्णय’ असते. त्यात एकादशीही सापडते आणि ईदही. मरोळला बोहरा समाजाची अलजामिया-तुस-सैफिया आहे. बोहरा कोर दिसण्याची वाट बघत नाहीत. त्यांचे पंचांग गणिताने ठरलेले आहे: तीस वर्षांच्या चक्रात अकरा वर्षे ३५५ दिवसांची, बाकीची ३५४ दिवसांची. म्हणून त्यांची ईद बहुधा शेजाऱ्यांच्या एक-दोन दिवस आधी होते. तिथून जवळच जोगेश्वरीच्या माल्कम बागेत पारशी वस्ती आहे. शहेनशाही पंचांगात लीप वर्षच नाही, त्यामुळे वसंतातले नववर्ष सरकत सरकत ऑगस्टमध्ये येऊन बसले आहे. एका पिनकोडात तीन-तीन कालगणना नांदतात आणि लोकलची वेळ कुणाची चुकत नाही.

कसोटी लागते ती रस्त्यावर. हिंदू आणि हिजरी, दोन्ही पंचांगे चंद्राचीच. दोन्हींची बारा महिन्यांची वर्षे सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी लहान. हिंदू पंचांग दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिक मास घालून ही तूट भरते. कुरआनने महिन्यांची अशी सरकवासरकव मना केली, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. पण अधिक मास येईपर्यंत दोन्ही पंचांगे हातात हात घालून चालतात. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला आणि ईद ११ला होती. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला, ईद ३१ला. त्याच कारणाने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षे ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी एकमेकींना चिकटून आल्या. २०२३ मध्ये तर एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला.

त्या तिन्ही वर्षी मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी मिलादची मिरवणूक पुढे नेली: आधी २९ सप्टेंबरला, मग १८ सप्टेंबरला, मग ८ सप्टेंबरला. ईद हलली नाही. घरातली दुआ, मशिदीतले दरूद त्याच दिवशी झाले. जुलूस तेवढा मागाहून निघाला आणि बाप्पांना रस्ता मोकळा मिळाला. सरकारनेही सुटी त्यानुसार बदलली. तारीख आकाशाची, सुटी सरकारची, मिरवणूक माणसांची, या तीन गोष्टी अशा सुट्या झाल्या. २०२५ मध्ये हा बदल फक्त मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांसाठी होता. मुलुंड चेकनाक्याच्या अलीकडच्या सरकारी कार्यालयांना ८ सप्टेंबरची सुटी, पलीकडे ठाण्यात ५चीच. नाक्याच्या एका बाजूला राहून दुसऱ्या बाजूला नोकरी करणाऱ्याची सुटी घरच्यांच्या सुटीशी जुळली नसणार. दोन ग्रहांवरच्या कुटुंबाची गोष्ट लिहायला बसलेल्या लेखकाने खरे तर एकदा मुलुंडला येऊन जावे.

२०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरवर जाते, ईद-ए-मिलाद ऑगस्टच्या अखेरीसच होऊन गेलेली असते आणि मिरवणुकांच्या तारखांची बैठक घ्यावी लागत नाही. या दोन सणांची अशी गाठ पुन्हा पडेल ती तीसएक वर्षांनी. जोगेश्वरीत या रमजानला पहिला रोजा धरणारी मुलगी तेव्हा चाळिशीत असेल.