मुशीला रजा

हिंगणघाटच्या एका वाचकाने विचारलंय : सेवाग्राम स्टेशनातून मालगाडी सुटताना काही विजेची इंजिनं चढत्या सुरात गुणगुणतात, ते नेमकं काय वाजतं?

थोडक्यात उत्तर असं. वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची एकाच फेजची वीज असते. मोटारींना हवी असते तीन फेजची, आणि तीही वेगानुसार बदलत्या वारंवारतेची. हा बदल करणारे सिलिकॉनचे स्विच सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात आणि त्यांच्या तालावर मोटारी गुणगुणतात. १९९०च्या दशकाच्या मध्यात एबीबी कंपनीकडून वॅग-९ जातीची इंजिनं आली, तेव्हापासून हा सूर आपल्या रुळांवर आहे.

प्रश्न इथे संपला असता. पण त्या स्विचातली सिलिकॉनची चकती आपल्या मोबाइलमधल्या सिलिकॉनपेक्षा वेगळी असते, आणि मला खरं तर तिच्याबद्दलच बोलायचंय. मोबाइलच्या चिपला व्होल्टभर वीज पुरते. इंजिनातली किंवा वीजवहनातली चकती जेमतेम मिलिमीटरभर जाडीत हजारो व्होल्ट अडवून धरते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, भद्रावतीला अशा चकत्यांवर चालणारं वीजवहनाचं एक ठाणं आहे. देशाची दक्षिण ग्रिड ३१ डिसेंबर २०१३पर्यंत उरलेल्या देशाच्या तालावर चालत नव्हती. तोवर पश्चिम आणि दक्षिणेतली १००० मेगावॉटपर्यंतची देवाणघेवाण इथूनच व्हायची : एका बाजूची एसी वीज डीसी करायची आणि लगेच दुसऱ्या बाजूच्या तालाची एसी करून पुढे द्यायची. हे काम करणारे थायरिस्टर नावाचे स्विच म्हणजे अशाच चकत्या, रांगांनी लावलेल्या.

हजारो व्होल्ट अडवायचे तर सिलिकॉन कमालीचं शुद्ध हवं. आणि घोडं पेंड खातं ते मुशीपाशी. सिलिकॉन वितळतं १४१४ अंश सेल्सिअसला. नेहमीच्या पद्धतीत ते क्वार्ट्झच्या मुशीत वितळवतात आणि त्यात स्फटिकाचं बीज बुडवून हळूहळू वर ओढतात. पोलंडच्या चोक्राल्स्कीने १९१६ साली शोधलेली ही युक्ती आजही जगातल्या बहुतेक चिप्सची जननी आहे. पण वितळलेलं सिलिकॉन इतकं खादाड असतं की मूसच थोडी थोडी विरघळवतं आणि क्वार्ट्झमधला ऑक्सिजन स्फटिकात येऊन बसतो. साधारण ५० हजार सिलिकॉन अणूंमागे एक. चिपवाल्यांना हा पाहुणा चालतो. चकतीला थोडी ताकदही येते. उच्च दाबाच्या स्विचाला मात्र तो नकोच, कारण साडेचारशे अंशांच्या आसपास तापवलं की हाच ऑक्सिजन इलेक्ट्रॉन सोडू लागतो आणि चकतीचा रोध बिघडतो.

मग मूसच काढून टाकली तर?

सिलिकॉनची जाड कांडी उभी टांगायची, भोवती आर्गॉन वायू. कांडीच्या खालच्या टोकाशी तांब्याची चपटी कॉइल, मधोमध छोटं भोक, आत थंड पाणी खेळतंय. कॉइलमधून सेकंदाला वीस-तीस लाख वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडला की सिलिकॉनच्या अंगात भोवरे प्रवाह उठतात आणि ते स्वतःच्याच प्रवाहाने तापतं. तत्त्व तेच, ज्यावर जालन्याच्या कारखान्यांत भंगार वितळून सळया होतात. फक्त जालन्यातल्या भट्टीला आतून अस्तर असतं, इथे ते नाही. थंड सिलिकॉन या प्रवाहाला दाद देत नाही. आधी त्याला ग्रॅफाइटच्या तुकड्याने शेकावं लागतं. एकदा वितळलं की मात्र धातूसारखी वीज वाहून नेतं.

वितळलेला भाग खाली पडत का नाही? कारण द्रव सिलिकॉनचा पृष्ठताण पाण्याच्या दहापट आहे आणि घनता फक्त अडीचपट. वरची कांडी आणि खालचा स्फटिक यांच्यामध्ये, कॉइलच्या भोकातून, तो झगझगीत थेंब अधांतरी लोंबकळत राहतो. दोन्ही टोकं फिरत राहतात, मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर या बेताने वितळपट्टा सरकतो आणि मागे एकसंध स्फटिक गोठत जातो. खालच्या बीजाला जोडणारी स्फटिकाची सुरुवातीची मान तर अवघ्या काही मिलिमीटर जाडीची. स्फटिक जड झाला की त्याला बाजूने आधार द्यावा लागतो.

पट्टा सरकताना आणखी एक काम होतं. गोठणारा स्फटिक बहुतेक अशुद्धींना बाहेर ठेवतो, त्या द्रवातच राहतात आणि पट्ट्याबरोबर पुढे जातात. वेणी घालण्याआधी लांब केसांतून फणी फिरवावी तसं हे आहे : गुंता दर खेपेला टोकाकडे सरकतो, शेवटी टोक कापून टाकायचं. हट्टी अपवाद एकच, बोरॉन. त्याला स्फटिकात राहणंही जवळजवळ तितकंच मानवतं.

वितळपट्टा सरकवून शुद्ध करण्याची कल्पना बेल प्रयोगशाळेतल्या विल्यम फॅनची. ती मुशीविना करून दाखवली त्याच संस्थेतल्या हेन्री थ्यूररने, पण त्याचं नाव फारसं कुणाच्या ओठावर नाही. डिसेंबर १९५२मध्ये पेटंटचा अर्ज गेला आणि मंजुरी मिळाली १९६२ला. मधल्या काळात अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या केक आणि गोले यांनी १९५३ला हीच पद्धत छापून टाकली. (हा तोच मार्सेल गोले, ज्याच्या संकेतपद्धतीने व्हॉयेजरने गुरू-शनीची रंगीत चित्रं पाठवली.) जर्मनीत सीमेन्सचा एमाइसही त्याच वाटेवर होता.

मला थ्यूरर आवडतो तो त्याच्या नाकामुळे. १९४०च्या सुमाराला तो आणि जॅक स्कॅफ सिलिकॉनचे गोळे ओतत होते. त्यातल्या काहींतून वीज एका पद्धतीने वाहायची, काहींतून दुसऱ्या, आणि उपकरणांना कारण सापडत नव्हतं. एका जातीचे गोळे कापताना मात्र कार्बाईडच्या दिव्यासारखा वास यायचा. गॅस वेल्डिंगच्या दुकानात येतो तोच. तो असतो फॉस्फिनचा. म्हणजे सिलिकॉनमध्ये फॉस्फरस होता. वर्णपटमापकाला जे दिसलं नाही ते दोन माणसांनी हुंगून ओळखलं, आणि या जातीच्या, म्हणजे एन-प्रकारच्या, सिलिकॉनचं गुपित फुटलं.

गंमत अशी की जो फॉस्फरस इतक्या मेहनतीने काढला, तो पुढे अणुभट्टीत परत भरू लागले. १९७०च्या दशकापासून मोठ्या थायरिस्टरांसाठी शुद्ध स्फटिकावर न्यूट्रॉन सोडतात. सिलिकॉनचे तीन टक्के अणू ३० भाराचे असतात. त्यातले काही न्यूट्रॉन गिळून काही तासांत फॉस्फरस होतात, तेही सगळीकडे सारखे. कुठल्याही भट्टीत ढवळून इतकी समान मिसळ जमली नसती.

सध्या सेमीकंडक्टरच्या बातम्यांना तोटा नाही. साणंद, धोलेरा, हजारो कोटी, अमुक नॅनोमीटर. चिप कारखाने हवेतच. पण त्यात घडवायच्या चकत्याही आयात होणार, हे बातमीच्या शेवटच्या ओळीतही नसतं. मुशीविना वाढवलेलं सिलिकॉन करणाऱ्या कंपन्या तर जगात बोटांवर मोजण्याइतक्या. त्याला नॅनोमीटरची चढाओढ लागत नाही. तडा नसलेली सरळ कांडी, स्थिर कॉइल आणि वर्षानुवर्षं तोच थेंब न्याहाळणारे कारागीर लागतात. रेल्वे, ग्रिड आणि सौर प्रकल्पांचा पसारा वाढवत निघालेल्या देशाला ही जुनी विद्या नव्या चिपइतकीच गरजेची आहे. पुढच्या घोषणेच्या वेळी कोटींचा आकडा ऐकून झाला की एवढंच विचारा : सिलिकॉन कुणाचं?