ऊस वाहतूक : ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या वजनांचा मेळ

बैलगाडी भरताना ओझे कोठे ठेवावयाचे याचा विचार जुने गाडीवान आधी करीत. मागे जास्त भरले तर गाडी उलाळते, पुढे जास्त भरले तर बैलांच्या मानेवर भार येतो. ट्रॅक्टरला जोडलेल्या दोनचाकी ट्रॉलीचा नियमही हाच आहे. मात्र बैल मान टाकून सांगतो तसे ट्रॅक्टर सांगत नाही. चूक चढावर किंवा उतारावरच कळते.

ट्रॅक्टर किती ओढतो एवढेच पुष्कळ शेतकरी पाहतात. ओढण्याची शक्ती व अंगावर भार पेलण्याची शक्ती या दोन निराळ्या गोष्टी होत. अमेरिकेत पिकअप गाडीच्या हौद्यात, मागील आसाच्या जवळजवळ वरच जोड बसवून अवजड ट्रेलर ओढतात. तेथेही इंजिनाची मर्यादा येण्यापूर्वी मागील आस व टायर यांची मर्यादा पुष्कळदा येते. ट्रॅक्टरचा हूक तर आसाच्या मागे असतो. त्यावरील भार पुढील चाके उचलू पाहतो.

समजा, ट्रॅक्टरचे वजन 2,000 किलो असून त्यापैकी 800 किलो पुढील चाकांवर आहे. दोन आसांतील अंतर 2 मीटर, आणि हूक मागील आसापासून 70 सेंटिमीटर मागे. हुकावर 1,000 किलो भार आला की पुढील चाकांवरील 350 किलो कमी होतात. मागील आसावर मात्र 1,350 किलो वाढतात. चढ लागला व 50 सेंटिमीटर उंचीच्या हुकावर 600 किलोची ओढ पडली, म्हणजे पुढचे आणखी 150 किलो जातात. उरले 300. सुकाणू ताब्यात राहण्यासाठी ट्रॅक्टरच्या वजनाचा पाचवा हिस्सा, येथे 400 किलो, पुढे असावा असा ठोकताळा आहे. चढाच्या तिरकेपणाने होणारी घट यात धरलेलीच नाही!

अशा वेळी ऊस कमी भरावा आणि पुढे लोखंडी वजने लावावीत. ऊस फार मागे सारू नये. हूक वर उचलला जाऊन ट्रॉली डोलू लागते व मागील चाकांची पकड सुटते.

हे अंदाजाने ठरविण्याचे कारण नाही. साखर कारखान्यावर वजनकाटा असतोच. हंगामाच्या आरंभी ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांसह तेथे जाऊन ट्रॅक्टरची पुढील चाके तेवढी काट्यावर घ्यावीत. एकदा ट्रॉली नसताना, एकदा भरलेली ट्रॉली जोडून. मग मागील चाके घ्यावीत. मिळालेले आकडे नोंदणी प्रमाणपत्र व टायरवरील आकड्यांशी ताडून पाहावेत.

ब्रेकचा हिशेब निराळा. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील आणि 2 टनांच्या ट्रॅक्टरमागे 6 टन असतील, तर ब्रेकचा जोर तोच धरता थांबण्यास चौपट अंतर लागते. म्हणून उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा, आणि रस्त्यावर येताच ब्रेकचे दोन्ही पायटे एकमेकांस जोडून घ्यावेत.