फोटो घरात, पत्ता चाळीचा

अभ्युदयनगरच्या आमच्या घरात टीव्हीमागे पत्त्यांच्या कॅटाएवढा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक आहे. आईबाबांच्या लग्नाचे फोटो स्कॅन करून त्यावर ठेवलेत. घरची माणसं घरातच राहावीत, एवढीच इच्छा. घरच्या वायफायवर फोटो झटकन उघडायचे. कॉटन ग्रीन स्टेशनवर मोबाइल डेटा लावला की नुसतं चक्र फिरत राहायचं. दोन रविवार राउटरमध्ये पोर्ट उघडण्यात गेले. दोष तिथे नव्हताच.

दोष पत्त्याचा होता. इंटरनेटवर यंत्रांना लागणारे आयपीव्ही४चे पत्ते जगात सुमारे ४२९ कोटीच. ते पुरेनात, म्हणून इंटरनेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. हे सीजीनॅट. आपल्या काळाचौकीतली चाळ आठवा. खोलीतून गेलेल्या पत्राचं उत्तर बरोबर येतं, कारण कुणी पाठवलं याची नोंद जिन्याखाली असते. पण बाहेरून आपणहून आलेल्या पत्रावर खोली नंबरच नसेल, तर पोस्टमनने ते कुणाच्या दारात टाकावं?

राउटरच्या पानावर ‘वॅन आयपी’ बघा. सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांपैकी असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. हा पट्टा २०१२ साली खास याच कामासाठी राखला गेला.

उपाय म्हणून मी स्वतःचा सार्वजनिक पत्ता असलेल्या, भाड्याच्या छोट्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा नेला. घरचं यंत्र स्वतः बाहेर हाक मारतं, दर २५ सेकंदांनी ती वाट जागी ठेवतं. फोन त्याच वाटेने आत येतो. एचटीटीपीएसचं कुलूप थेट घरात उघडतं, म्हणून मधल्या सर्व्हरला फोटो दिसत नाहीत. काल फलाटावर आईचा हिरवा चुडा लगेच उघडला.