फुकटच्या शब्दांची किंमत

तारेला शब्दागणिक पैसे मोजावे लागत. म्हणून तार करणारा प्रत्येक शब्द तोलून लिहीत असे. जुलै २०१३ मध्ये भारतातील तारसेवा बंद झाली. आज समाजमाध्यमांवर मजकूर लिहिण्यास वा पुढे पाठविण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. परंतु पाठविणाऱ्याला खर्च नाही याचा अर्थ तो कोणालाच नाही असा होत नाही. कारखान्याचा धूर शेजारच्या वस्तीने सोसावा, तसा या मजकुराचा भार वाचणाऱ्याला सोसावा लागतो.

माहिती विपुल झाली की ती ग्रहण करणारे अवधान दुर्मिळ होते, असे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच दाखवून दिले होते. माध्यम-कंपन्यांचा व्यापार याच दुर्मिळ वस्तूवर चालतो. माणूस जितका वेळ पडद्यापुढे राहील तितक्या अधिक जाहिराती त्याला दाखविता येतात. २००९ मध्ये फेसबुकने पसंतीचा अंगठा आणला आणि दाद आकड्यांत मोजली जाऊ लागली. साहजिकच, ती विकत घेण्याचा मोहही वाढला.

मालाचे उत्पादक आज थेट जाहिरातीबरोबरच लोकप्रिय व्यक्तींकडून स्तुती करवून घेतात. मोबदला घेऊन केलेली स्तुती मित्राच्या शिफारशीसारखी भासली, तर ग्राहकाची फसवणूक होते. म्हणूनच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. पैसे, भेटवस्तू, सवलत वा फुकटचा प्रवास यांपैकी काहीही घेतले असल्यास ते साध्या, स्पष्ट भाषेत सांगावे, असे तिने बजावले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र शिष्टाचार कायद्यापाशी संपत नाही. ग्राहकाची तक्रार पुसून टाकण्याऐवजी तिला चारचौघांत उत्तर देणे, हीच व्यापाऱ्याची खरी पत होय.

सामान्य माणसाचे काय? तो काही विकत नाही, म्हणून आपण निर्दोष आहोत असे तो मानतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी असल्याच्या संशयावरून जमावाने पाच निरपराध भटक्यांचे प्राण घेतले. तशा अफवा त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत होत्या. त्या पुढे धाडणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपण कोणाचे अहित करीत आहोत असे वाटलेही नसेल.

त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाच ठिकाणीच मजकूर पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या मजकुरासाठी ती एकावर आणली. त्यानंतर अशा मजकुराचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. थोडीशी अडचण, थोडासा विलंब एवढ्याने माणसे सावरतात, हा यातला बोध.

हा विलंब प्रत्येकाला स्वतःवर घालून घेता येईल. पूर्ण वाचल्यावाचून पुढे पाठवू नये. मूळ कोणाचे ते ठाऊक नसल्यास थांबावे. दुसऱ्याचे छायाचित्र त्याला विचारूनच लावावे. मतभेद मताशी ठेवावा, माणसाशी नव्हे. चूक ध्यानात आली, तर जेथे ती पसरविली तेथेच दुरुस्ती द्यावी. शिष्टाचार म्हणजे कृत्रिम सौजन्य नव्हे. बाजाराने जी किंमत लावली नाही, ती विवेकाने आपण होऊन मोजणे, हाच त्याचा अर्थ आहे.