घरांच्या प्रदर्शनात टोकनची घाई नको

कुठे आणि कधी

एपीएमसी मार्केटपासून रिक्षाच्या अंतरावर, वाशी रेल्वे स्थानकाजवळ, सेक्टर ३०-ए मध्ये सिडकोचं प्रदर्शन केंद्र आहे. नवी मुंबईतल्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना आपलं मालमत्ता प्रदर्शन इथे भरवत आली आहे. तारखा वर्तमानपत्रांत आणि रस्त्यावरच्या फलकांवर झळकतात. शक्यतो कामाच्या दिवशी, सकाळी जावं. रविवारच्या गर्दीत कुणी नीट उत्तर देत नाही.

बागेची हौस असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं महापालिकेचं पुष्पप्रदर्शन किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन गाठावं. दोन्ही ऐन थंडीत भरतात. तिथे आवडलेलं रोप लगेच उचलायला हरकत नाही. घराचं तसं नाही.

स्टॉलवर काय विचारायचं

सर्वात आधी महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक. नोंदणीला पात्र असलेल्या प्रकल्पाची नोंदणीआधी जाहिरातसुद्धा करता येत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक आहे. तो तिथेच मोबाइलवर स्कॅन करा. ताबा कधी मिळणार, मंजुऱ्या कोणत्या आहेत, कोर्टात वाद आहे का, हे सगळं त्यात दिसतं. विक्रेता सांगतो ती ताब्याची तारीख आणि नोंदवलेली तारीख वेगळी निघाली, तर नोंदवलेलीच खरी धरा.

दर कार्पेट क्षेत्रफळावरच विचारा. पार्किंग, जीएसटी, मुद्रांक शुल्क आणि सोसायटीचा खर्च धरून एकूण रक्कम कागदावर लिहून मागा. आणखी एक प्रश्न नवी मुंबईत विसरू नये: जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची आहे का? असेल, तर त्याची किती वर्षं उरली आहेत आणि पुढे घर विकताना हस्तांतरण शुल्क लागेल का, तेही विचारा.

टोकन

‘आजच बुक करा, ऑफर आजपुरतीच’ हे प्रत्येक स्टॉलवर ऐकू येतं. कष्टाची पुंजी अशा घाईत देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घ्यायला कायद्याने मनाई आहे, पण त्याहून कमी टोकनही आपल्याच खिशातून जातं. बुकिंग रद्द केल्यास किती कापणार, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. माहितीपत्रक मात्र जपून ठेवा. त्यातल्या खोट्या माहितीमुळे नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम १२ खाली भरपाई मागता येते.

घर आवडलं, तर आठवड्याभरात प्रत्यक्ष जागेवर जाऊन या. प्रदर्शन संपलं तरी विकासकाचं विक्री कार्यालय उघडंच असतं.